डोळ्यांच्या उड्या आणि आईचा विसर: अल्झायमर मोबाईलवर कळतो का?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा कंपनीच्या बसमध्ये ऐकता ऐकता डोळा लागला, त्यांच्यासाठी हे लिहून देतेय. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढून टाकलेत. ऑडिओत मधेच हॉर्न ऐकू येतात ते शिफ्ट सुटण्याच्या वेळचे आहेत. बजाजनगरात रेकॉर्डिंग करायचं म्हटल्यावर ते येणारच.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून निघाला. रांजणगावात खोली करून राहणारा, वाळूज एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करणारा एक दादा. वडील गेल्यावर त्यानं आईला अंबड तालुक्यातल्या गावाहून इकडे आणलं. तो म्हणतो, आई दुकानातून येताना दोनदा गल्ली चुकली, एकच गोष्ट परत परत विचारते. त्यानं एक रील बघितलं. डोळे कसे फिरतात त्यावरून अल्झायमर लवकर ओळखता येतो, असं त्यात होतं. असं एखादं ॲप आहे का, हा त्याचा प्रश्न. आणि शेवटी हळूच म्हणाला, ‘आई शाळेत गेलेली नाही ताई, कागद-पेनाची टेस्ट तिला जमायची नाही.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. घरी बसून मोबाईलनं डोळे तपासायचे आणि ‘अल्झायमर आहे’ किंवा ‘नाही’ हे ठरवायचं, असं आज होत नाही. कुठलं ॲप तसं सांगत असेल तर पैसे भरू नका. पण रीलमधली मूळ गोष्ट खोटी नाही, त्यामागं बरीच वर्षं चाललेलं संशोधन आहे. आणि दादाचं ते शेवटचं वाक्य त्या संशोधनाच्या अगदी मर्मावर बोट ठेवणारं आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी डोळा काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं की आपण समोरचं सगळं एकसंध बघतोय. प्रत्यक्षात डोळा उड्या मारतो. एका ठिकाणी सेकंदाचा पाव भाग थांबतो, मग दुसरीकडे उडी. सेकंदाला साधारण तीन उड्या, दिवसभर. या उडीला शास्त्रात ‘सॅकेड’ म्हणतात. उडी चालू असताना मेंदू बघणं जवळपास बंद ठेवतो, नाहीतर दर उडीला जग हलल्यासारखं दिसलं असतं. खात्री करायची असेल तर आरशासमोर उभे राहा आणि एकदा डाव्या डोळ्याकडे, एकदा उजव्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. आता तेच सेल्फी कॅमेऱ्यात करून बघा. तिथं दिसतात! कारण फोनच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर तुमची उडी संपलेली असते. (हे मी रेकॉर्डिंगच्या आधी दहा वेळा तरी करून बघितलं. टाइमपास म्हणून भारी आहे.)

आता खरी टेस्ट. १९७८ मध्ये टोरांटोच्या पीटर हॅलेट यांनी एक साधा प्रयोग मांडला. पडद्याच्या मधोमध एक ठिपका. तो बघत बसायचं. मग एका बाजूला दुसरा ठिपका चमकतो. सांगितलेलं असतं की त्याच्याकडे बघायचं नाही, बरोबर उलट्या बाजूला बघायचं. बस, एवढंच. याला ‘अँटीसॅकेड’ म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण मोरे चौकात मागून कुणी कर्कश हॉर्न मारला आणि तुम्हाला त्याच क्षणी विरुद्ध दिशेला बघायला सांगितलं तर? मान आपोआप हॉर्नकडे वळणार. चमकलेल्या गोष्टीकडे डोळा वळवणारी यंत्रणा मेंदूत खोलवर, मध्यमेंदूत आहे, आणि ती फार जुनी, फार वेगवान आहे. तिला थांबवायचं काम मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग करतो. शॉपवर काम करणाऱ्यांना लगेच कळेल. मशीन आपल्या वेगानं चालूच असते, आणि वेळेवर इमर्जन्सी स्टॉप दाबायला कुणीतरी जागं लागतं. अँटीसॅकेडमध्ये तो स्टॉप दाबला जातो का, हे मोजतात. नुसता दाबून भागत नाही, ‘उलट बघायचंय’ ही सूचनाही तेवढा वेळ डोक्यात धरून ठेवावी लागते.

मित्रासोबत करून बघा. दोन्ही मुठी खांद्याएवढ्या अंतरावर समोर धरा. त्याला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. मग एका हाताचं बोट हलवा, त्यानं दुसऱ्या हाताकडे बघायचं. डॉक्टरही पेशंटसमोर बसून साधारण असंच करतात. तुमचा पंचविशीतला, ठणठणीत मित्रसुद्धा वीसेक वेळांत दोन-चारदा फसेल. त्यात काळजीचं काहीच नाही. मजा पुढे आहे. चुकल्याबरोबर त्याचे डोळे झटक्यात वळतील आणि बरोबर बाजूला जातील. कित्येकदा आपण चुकलो हे त्याला कळलेलंही नसतं, डोळ्यांनी परस्पर दुरुस्ती केलेली असते.

अल्झायमरच्या रुग्णांत नेमकी ही दुरुस्ती कमी होते. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात ट्रेव्हर क्रॉफर्ड आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं यावर काम करतायत. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की अल्झायमर असलेली माणसं या टेस्टमध्ये जास्त चुकतात, आणि चुकल्यावर डोळा चुकीच्याच जागी राहतो, परत येत नाही. आजार जेवढा पुढे गेलेला, तेवढ्या न सुधारलेल्या चुका जास्त. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत लक्षात राहण्यासारखी वाटते. डॉक्टर नुसत्या चुका मोजत नाहीत. चूक झाल्यावर पुढच्या क्षणी काय होतं, तिकडे त्यांचं लक्ष असतं.

मग २०१९ मध्ये त्याच गटानं अजून एक पाऊल टाकलं. अल्झायमरच्या आधी बऱ्याचदा एक मधली पायरी असते. विसर वाढलेला असतो, पण माणूस रोजचं सगळं करत असतो. या पायरीवरच्या सगळ्यांना पुढे अल्झायमर होतोच असं नाही. ज्यांच्यात स्मरणशक्तीच कमी झालेली असते त्यांना धोका जास्त. या गटाला दिसलं की अशा लोकांच्या डोळ्यांच्या चुका अल्झायमरच्या रुग्णांसारख्या असतात, आणि ज्यांची अडचण दुसरीच आहे त्यांच्या तशा नसतात. म्हणजे एकाच पायरीवर उभ्या असलेल्या दोन प्रकारच्या लोकांत डोळे फरक दाखवू शकतात. गट छोटे होते, पण दिशा महत्त्वाची.

दुसरी एक टेस्ट मला याहून जास्त आवडते, कारण ती मुळात तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांतून आली आहे. बाळाला विचारता येत नाही की ‘हे चित्र तू आधी बघितलंस का?’ पण १९६४ मध्ये रॉबर्ट फँट्झ यांनी दाखवलं की बाळाला तेच तेच चित्र दाखवलं की ते कंटाळतं आणि नव्या चित्राकडे जास्त वेळ बघतं. नव्याकडे जास्त बघतंय, म्हणजे जुनं लक्षात आहे. बाळानं एक शब्द न बोलता स्मरणशक्ती मोजली गेली!

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात स्टुअर्ट झोला आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती म्हाताऱ्या माणसांवर वापरली. आधी एक चित्र दाखवायचं. थोडं थांबायचं. मग ते जुनं आणि शेजारी एक नवं दाखवायचं, आणि डोळे कुणाकडे किती वेळ जातात ते कॅमेऱ्यानं टिपायचं. दोनच सेकंद थांबलं तर विसर सुरू झालेली माणसंसुद्धा इतरांसारखीच नव्याकडे बघायची. दोन मिनिटं थांबलं की फरक पडायचा. त्यांना दोन्ही चित्रं सारखीच नवी. २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं की या टेस्टमध्ये कमी पडलेल्यांपैकी कुणाचं निदान पुढे बदलेल याचा अंदाज तीन वर्षं आधीपर्यंत येऊ शकतो. हेही लक्षात ठेवा की त्या अभ्यासात माणसं शंभराच्या आतच होती.

आता दादाच्या शेवटच्या वाक्याकडे येऊ.

अल्झायमरची पहिली नोंदलेली रुग्ण म्हणजे ऑगस्टे डेटर. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव लिहायला सांगितलं. जर्मनमध्ये बाईंच्या नावाआधी ‘फ्राउ’ लावतात, तेवढं तिनं लिहिलं आणि पुढचं विसरली. तो कागद जपून राहिला आणि १९९५ मध्ये परत सापडला. म्हणजे अगदी पहिल्या रुग्णापासून ही तपासणी कागद-पेनावर उभी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत आलेली ३० गुणांची टेस्ट आजही जगभर वापरतात. त्यात १०० मधून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिही, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं कर, दोन पंचकोन बघून काढ, असं सगळं येतं. ज्या बाईनं आयुष्यात पेन धरलं नाही, तिचे इथं गुण जातात ते शाळेचे. आजाराचा त्यात काय संबंध?

आपल्याकडच्या लोकांना हे आधीच दिसलं होतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या गटानं नव्वदच्या दशकात त्या टेस्टचं हिंदी रूप तयार केलं. वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे बघ आणि मी करतो तसं कर’ म्हणून डॉक्टर स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. त्याच कामातून घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही आली, म्हातारा माणूस रोजची कामं कशी करतो याबद्दलची. साधी कल्पना आहे, पण केवढी मोठी! म्हणून दादा, ‘आईला टेस्ट जमणार नाही’ असं मनात धरून घरी बसू नकोस. न शिकलेल्यांसाठी तपासणीच्या पद्धती आहेत. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की आई शाळेत गेलेली नाही.

डोळ्यांच्या टेस्टचं मोल इथंच आहे. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून आला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. आणि त्या वयाच्या खेड्यातल्या बायका म्हणजेच शाळेपर्यंत न पोचलेल्या बायका. ज्यांना गरज जास्त, त्यांच्यासाठीच कागदाची टेस्ट सगळ्यात तोकडी. ‘चमकेल त्याच्या उलट बघ’ किंवा नुसतंच ‘चित्रं बघत बस’ याला बाराखडी लागत नाही.

पण लगेच उड्या मारू नका (डोळ्यांच्या सोडून). तिकडच्या लोकांवर ठरवलेले आकडे आपल्या आईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. लँकेस्टरच्या गटानं २०२० मध्ये ९४ दक्षिण आशियाई ज्येष्ठांना सोबत घेऊन एक वेगळी तुलना केली. लक्ष एका जागेवरून सोडवून दुसरीकडे न्यायला डोळ्याला किती वेळ लागतो, हे मोजलं. ही क्षमता अल्झायमरच्या रुग्णांतही बऱ्यापैकी टिकून होती, पण वय वाढलं की डोळे सगळ्यांचेच संथ होत होते. म्हणजे आजी हळू बघते म्हणून तिला आजार आहे, असं म्हणताच येत नाही. शिवाय अँटीसॅकेडमध्ये चुका पार्किन्सनमध्ये वाढतात, स्किझोफ्रेनियात वाढतात, झोप झाली नसेल तरी वाढतात. तीन शिफ्ट करणाऱ्यानं नाईट संपवून ही टेस्ट दिली तर त्याचा निकाल काय येईल, तुम्हीच सांगा.

आता मोबाईलचं. लॅबमधले कॅमेरे सेकंदाला ५०० ते १००० वेळा डोळा टिपतात, हनुवटी टेकवून डोकं स्थिर ठेवलेलं असतं. आपला सेल्फी कॅमेरा साधारण सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदाला एक. डोळ्याची छोटी उडी ३०-४० मिलिसेकंदात संपते. दोन चित्रांच्या मधल्या फटीत अख्खी उडी गायब! डोळा डावीकडे गेला की उजवीकडे, एवढं फोनला कळू शकतं, पण वेळेची बारीक मोजणी अवघड. तरी काम चालू आहे. २०२० मध्ये गुगलच्या संशोधकांनी दाखवलं की साध्या सेल्फी कॅमेऱ्यावरून नजर पडद्यावर कुठे आहे ते अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास अचूक सांगता येतं. २०२२ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं बाहुलीचं आकुंचन-प्रसरण मोजणारं ॲप तयार केलं. बाहुली काळी, आणि गडद तपकिरी डोळ्यांत तिची कड साध्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणून त्यांनी चेहरा ओळखून उघडणाऱ्या महागड्या फोनमधला इन्फ्रारेड कॅमेरा वापरला. आपले सगळ्यांचे डोळे गडद तपकिरी, आणि फोन बारा-पंधरा हजारांचे. त्यामुळं ‘लवकरच तुमच्या मोबाईलवर’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुणाच्या मोबाईलवर?

मग आज काय करायचं? इथं मला थोडं थांबून बोलायचंय, कारण दादासारखी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

सगळ्यात आधी, गल्ली चुकणं. जन्मभर एका गावात राहिलेली बाई. तिथं डोळे मिटून विहिरीवर जायची. तिला इथं आणलं, जिथं एका रांगेत सगळी घरं सारखी, दारात सारख्याच मोटारसायकली, आणि रस्त्याची ओळख सांगायची तर ‘अमुक सेक्टर, तमुक प्लॉट’. पहिल्या काही महिन्यांत तिथं चुकणं हा आजार नाही. त्यामुळं खरा प्रश्न हा की गावात असताना दोन वर्षांपूर्वी कशी होती? मामाला, मावशीला, शेजारच्या काकूंना फोन करून विचारा. पैशाचा हिशोब तेव्हापासून चुकत होता का? वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीत काय आधी, काय नंतर, याचा गोंधळ व्हायचा का? दहा मिनिटांपूर्वी विचारलेलं विचारलंच नाही असं वाटायचं का? बदल हळूहळू, महिन्यामहिन्यानं वाढत गेला असेल तर तपासणी हवीच. आणि दोन-चार दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. इन्फेक्शन असू शकतं, साखर किंवा सोडियम घसरलेलं असू शकतं.

दुसरं, विसर म्हणजे अल्झायमरच असं नाही. बी-१२ कमी, थायरॉईड कमी, झोपेच्या आणि काही ॲलर्जीच्या गोळ्या, ऐकू कमी येणं, यांनीही माणूस विसरभोळा दिसतो. नवरा गेल्यानंतरची उदासीसुद्धा हुबेहूब डिमेन्शियासारखी दिसू शकते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, म्हणून लवकर जायचं. अल्झायमरच निघाला तरी लवकर कळण्याचा उपयोग आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब आणि त्याच्या जातीची औषधं सुरुवातीच्या टप्प्यातच चालतात. ती आजार बरा करत नाहीत, थोडा मंदावतात, खर्च अफाट आहे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे. निदानासाठी २०२५ च्या मे महिन्यात तिथं पहिल्या रक्त तपासणीला परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्यांसाठी, बाकी तपासण्यांच्या जोडीला. तिथंही एकट्या टेस्टवर निकाल देत नाहीत, बघा.

आणि डोळ्यांचा एक उपाय मात्र आजच, इथंच करता येतो. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे का ते बघा. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानं डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली, त्यात उपचार न केलेली अधू दृष्टी पहिल्यांदाच आली. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांवर ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसलं. ऑपरेशनमुळंच कमी झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण नीट दिसायला लागणं हा फायदा काय कमी आहे? सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. ‘वय झालं, आता कशाला’ असं आई म्हणेल. ऐकू नका.

तपासणीसाठी आपल्याला घाटी आहे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. मेडिसिन किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत सुरुवात होऊ शकते. सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. सोबत सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्यासुद्धा. चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर घरी विसरू नका, कारण नीट न दिसल्यानं आणि न ऐकल्यानं टेस्ट बिघडते. गेल्या सहा महिन्यांत काय काय वेगळं वाटलं ते तारीखवार फोनच्या नोट्समध्ये लिहून न्या. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात आणि ऐनवेळी आपल्यालाच आठवत नाही. जाणं लगेच जमत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७ आहे, आणि मन खचलेलं वाटत असेल, आईचं किंवा तुमचं, तर टेलिमानसचा १४४१६.

आणि एक. आईसमोर ‘हिचं डोकं चालत नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका. तिला ऐकू येतं. वेगळं बोलायचं असेल तर तिला बाकावर बसवून दोन मिनिटं आत जा, किंवा नोट्स उघडून फोन सरळ डॉक्टरांच्या हातात द्या.